आदगोंडा आण्णा आणि खासबागच्या मालनबाई

आदगोंडा आण्णा समोरच्याच्या हातातला कागद उलट बाजूने वाचत. तुम्ही टेबलाच्या अलीकडे बसून काही लिहीत असलात, तर पलीकडे बसलेले आण्णा तुमच्याआधी ओळीच्या शेवटाला पोचलेले असत, आणि एखादा काना राहिला असेल तर तुमचे पेन पुढे सरकायच्या आत त्यांचे बोट तिथे टेकलेले असे. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात घालवली होती. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, कागदावर उमटल्यावरच ते सुलटे होते. त्यामुळे उलट्याचे आण्णांना काही वाटत नसे. सुलटे वाचायचे झाले की मात्र ते चष्मा शोधत.

माझी त्यांची ओळख अशाच एका बोटाने झाली. मी एम.ए. होऊन निपाणीहून बेळगावला आले होते, ‘दैनिक वेदगंगा’त उपसंपादकाची जागा आहे असे ऐकून. मालक-संपादक भाऊसाहेब माझा अर्ज टेबलावर पसरून वाचत होते. “निपाणीत कुठं?” त्यांनी विचारले. मी वस्तीचे नाव सांगितले. आई विडी कारखान्यात आहे, हेही सांगितले. कांबळे हे आडनाव अर्जावर होतेच. मग खोलीत ती एक छोटीशी शांतता झाली, जी मला शाळेपासून ओळखीची आहे. भाऊसाहेब माणूस वाईट नव्हते, पण ती शांतता त्यांनाही टाळता आली नाही. तेवढ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या, धोतर आणि पांढरी टोपी घातलेल्या गृहस्थांनी हात लांबवून अर्जावर बोट टेकवले.

“‘इच्छुक’मधला उकार ऱ्हस्व पायजे. हितं दीर्घ हाय.”

भाऊसाहेब म्हणाले, “मग काय करायचं, आण्णा?”

“काय करायचं म्हंजे? दोन पानांत एक चूक. मागल्या आठवड्यात आलता त्यो गडी ‘संपादक’च चुकलाता. घ्या की हिला.” आणि माझ्याकडे वळून, “आक्का, उद्या धाला ये. येताना चष्मा असला तर घिऊन ये, नसला तर सहा महिन्यांत लागंलच.”

माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठा माणूस मला आक्का म्हणाला तो शेवटपर्यंत. आणि चष्मा मला पाचव्या महिन्यातच लागला.

‘वेदगंगा’चा इतिहास असा कुठे लिहून ठेवलेला नाही. तो आण्णांच्या तोंडी होता, आणि आण्णांना विचारले की तो पिठापासून सुरू होई. भाऊसाहेबांचे वडील मूळ निपाणीकडचे, म्हणून पेपराला गावाकडच्या नदीचे नाव. बेळगावात त्यांनी एका पिठाच्या गिरणीच्या मागची खोली घेतली आणि तिथे छपाईचे यंत्र बसवले. गिरणी आणि यंत्र दोन्ही सुरू झाले की भिंतीच्या फटीतून पीठ येई आणि ओल्या शाईवर बसे. “पयल्या वर्षाचा वाचक पेपर आदी झटकायचा, मग वाचायचा,” आण्णा सांगत. “एका बाईनं तक्रार केली, आमच्या पेपरात जोंधळं येत्यात, शेजारणीच्यात गहू.”

पण खरी अडचण पिठाची नव्हती, ‘ल्ल’ची होती. बेळगावातला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या गल्लीत राहतो. लग्न असो, चोरी असो, वाढदिवस असो, बातमीत गल्ली येणारच. आणि ‘ल्ल’ हा जोडाक्षराचा खिळा आण्णांच्या पेटीत मोजून अठरा. एकोणिसावी गल्ली आली की आण्णा तिचा ‘बोळ’ करत. एकदा एका गल्लीतली पंचवीस-तीस माणसे पेपर घेऊन छापखान्यात शिरली. आमच्या पूर्वजांपासूनच्या गल्लीला बोळ म्हणता? आण्णांनी खिळ्यांची पेटी त्यांच्यासमोर ठेवली. “मोजून घ्या. अठरा हाईत. उद्या तुमची गल्ली लावतो. पर मग दुसरी कंची काढू, ते तुमीच सांगा.” मंडळींनी जराही वेळ न घालवता शेजारच्या गल्लीचे नाव सांगितले आणि समाधानाने घरी गेली.

पुढे ऑफसेट आले, गिरणीमागची खोली सुटली, खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आले. खिळे जुळवणारे बाकीचे कामगार पांगले. आण्णांना भाऊसाहेबांनी ठेवून घेतले, कारण त्यांच्यासारखे मुद्रितशोधन करणारा दुसरा माणूस नव्हता, आणि कारण सरकारी पत्रके कन्नडमधून येत. आण्णांचे घराणे निपाणी भागातले जैन शेतकऱ्याचे. घरात कन्नड, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. कन्नड पत्रक डाव्या हातात धरून ते तोंडाने सरळ मराठी सांगत सुटत, आणि मी टाइप करत असे. एकदा ते मध्येच थांबले.

“‘क्रम कैगोळ्ळलागुवुदु.’ लिही आक्का, ‘कारवाई करण्यात येईल.’” आणि टोपी सारखी करत म्हणाले, “दोनी भाषेत अर्थ एकच. काय व्हणार न्हाय.”

कॉम्प्युटरशी मात्र त्यांचे जमायला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुठलीशी कळ दाबली आणि चौथे पान पडद्यावरून नाहीसे झाले. आण्णा खुर्चीवरून उठले, वाकले आणि टेबलाखाली पाहू लागले. आम्ही हसलो. ते गंभीरपणे म्हणाले, “हसायला काय झालं? खिळं खाली पडलं तर दिसायचं तरी. हे पडलं कुटं?”

छापलेल्या अक्षरावर त्यांची श्रद्धा कुठल्या थराची होती, ते एका संध्याकाळी कळले. आण्णा सूर्यास्तानंतर जेवत नसत. पाने लावायच्या घाईत रोज साडेपाच-पावणेसहाला ते डबा उघडत, आणि आम्ही घड्याळ न बघता त्यावरून वेळ ओळखत असू. पावसाळ्यात आभाळ भरलेले असले की ते आपल्याच पेपरातले सूर्योदय-सूर्यास्ताची चौकट बघून घेत. एक दिवस त्या चौकटीत सहाच्या जागी पाच पडले होते. आण्णांनी डब्याचे झाकण काढले, पेपरावर नजर टाकली, घड्याळ पाहिले आणि झाकण परत लावले. बाहेर त्या दिवशी नेमके ऊन पडले होते.

“आण्णा, सूर्य आहे की अजून!” मी म्हणाले.

“त्यो आपल्या जागी. आपल्या पेपरात पाच बारा छापलंय.”

“चूक आहे ती!”

“चूक कुणाची? माझी. मीच बघून सोडलंय. आपून छापायचं आन् आपूनच मानायचं न्हाय, मग लोकांनी का मानावं?” आणि तो माणूस त्या दिवशी उपाशी राहिला. आमच्या पेपराच्या नावाखाली एक ओळ असे, ‘घडले तेच छापू’. ती ओळ थोरल्या मालकांनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या वडिलांनी, सांगितली होती, पण ती पाळायची जबाबदारी आण्णांनी एकट्याने घेतली आहे, असे आम्हाला वाटे.

हे सगळे एवढ्यासाठी सांगते, की पुढे जे झाले ते याच माणसाच्या हातून झाले.

आमच्या पाचव्या पानावर ‘वाचक बोलतात’ नावाचे सदर होते. एके काळी त्यासाठी पोस्टमन पिशवी घेऊन येई. मग प्रत्येकाच्या हातात फोन आले. लोक फोनवरच भांडू लागले आणि पत्रे आटली. एक आठवडा असा गेला की एकही पत्र आले नाही. आण्णांनी ते सदर कुठल्यातरी व्याख्यानाच्या वृत्तांताने भरले. भाऊसाहेबांनी बोलावले. “आण्णा, ती जागा एक शिकवणीवाले जाहिरातीसाठी कायमची मागताहेत. वाचक बोलत नाहीत, तर शिकवणीवाल्यांना बोलू दे.”

“महिनाभर थांबा,” आण्णा म्हणाले. “वाचक बोलायचा थांबला तर आपला पेपर म्हंजे नुसता सूचनाफलक. महिन्यात न्हाय आली पत्रं तर द्या जागा.”

चौथ्या दिवशी पत्र आले. फुलस्केप कागद, निळी शाई, खाली सही: सौ. मालन बस्तवाडकर, खासबाग, बेळगाव. मला त्यातला मजकूर अजून पाठ आहे. ‘आमच्या गल्लीतल्या खड्ड्याला परवा तीन वर्षे पूर्ण झाली. त्याचे बारसे आम्हीच केले, जावळ आम्हीच काढले. आता त्याला शाळेत घालायचे आहे. जन्माच्या दाखल्यासाठी कचेरीत गेलो असतो, पण वाट त्याच्यातूनच जाते आणि आत गेलेला माणूस लवकर वर येत नाही. तरी संबंधित खात्याने घरी येऊन दाखला द्यावा. मुलगा गुणी आहे. एकाच जागी बसून असतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू झाले. कोण ही बाई? आणखी लिहिते का? लिहीत होती. आठवड्याला दोन पत्रे येऊ लागली. नळाला पाणी यायच्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यांविषयी (‘पाण्याच्या दिवशी पाहुणे येतात आणि पाहुण्यांच्या दिवशी पाणी येत नाही, यात दोघांचे काही ठरलेले असावे’), मंगल कार्यालयातल्या आहेराच्या भांड्यांविषयी, बसमध्ये बायकांच्या जागेवर डोळे मिटून बसणाऱ्या पुरुषांविषयी. पेपराची गाडी पिरनवाडीला पोचायला उशीर झाला, तर तिथला विक्रेता फोन करून विचारी, “मालनवहिनींचं हाय काय आज? गिऱ्हाईक थांबलंय.”

हिंडलग्याहून ‘एक शांतताप्रिय नागरिक’ तिला उत्तरे देऊ लागला. बायकांनी घर सोडून खड्ड्यात लक्ष घालू नये, असे त्याचे मत होते. पत्र हिंडलग्याचे म्हटल्यावर भाऊसाहेबांना वेगळीच काळजी. “आण्णा, हे पत्र गावातनं आलंय की जेलमधनं, ते बघून छापा.” मालनबाईंनी त्या नागरिकाचे जे काही केले, त्याने शहराची करमणूक दीड महिना झाली. आणि मग ती पत्रे वाचून इतर वाचकांची पत्रेही येऊ लागली. शिकवणीवाल्यांना नकार गेला.

पत्रे टाइप करायची ती मी. मला एक गोष्ट खटकत होती.

“आण्णा, ही बाई सातवी शिकल्याचं स्वतःच लिहिते. पण ऱ्हस्व-दीर्घ एकदाही चुकत नाही.”

आण्णा डबा उघडत होते. “जुनी सातवी असंल.”

पुढच्या पत्रात दोन चुका होत्या. ‘पाणि’ आणि ‘नवीण’. मला जरा हायसे वाटले. संध्याकाळी पाहिले तर त्या दोन्ही चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या, आणि त्या लाल अक्षरांचे वळण हुबेहूब मूळ निळ्या अक्षरांचे. चूक मुद्दाम करून ठेवायचे त्यांनी ठरवले होते, पण ती तशीच राहू देणे त्यांच्या हातून झाले नव्हते.

मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. आण्णांनी इकडेतिकडे पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “हिंडलग्याचाबी मीच.”

“‘घडले तेच छापू’, आण्णा?”

“खड्डा खोटा न्हाय, आक्का. पाणी न्हाय हे खोटं न्हाय. बाई तेवढी खोटी.” लाल पेनाला टोपण लावत म्हणाले, “चार पत्रं लिवून थांबणार हुतो. पर ती थांबंना.”

मी कुणाला सांगितले नाही. यात माझाही दोष आहे, तो मी इथे लिहून ठेवते.

वर्षभराने पेपराचा वर्धापनदिन आला आणि भाऊसाहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली. यंदा पुढाऱ्याचा सत्कार नको, वाचकाचा करू. साडी, शाल, श्रीफळ, मानपत्र: सौ. मालन बस्तवाडकर. निमंत्रण पत्रिका छापूनसुद्धा झाल्या. त्यातले नाव आण्णांनीच तपासले. भाऊसाहेब मला म्हणाले, “सुजाता, तू जातीनं खासबागला जाऊन आमंत्रण देऊन ये. पत्त्यात गल्लीचं नाव नाही, पण एवढी प्रसिद्ध बाई, कुणीही सांगेल.”

आण्णा शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा ओल्या अंकासारखा झाला होता, हात लावला तर पुसला जाईल असा.

मी गेले. नाही गेले असते तर भाऊसाहेब स्वतः गेले असते. आणि खरोखरच, कुणीही सांगत होते. किराणा दुकानदार म्हणाला, “मालनबाई? ओळखतो की! आमच्याकडनंच साखर नेतात. पलीकडच्या गल्लीत.” पलीकडच्या गल्लीत एकाने त्यांना परवाच दवाखान्यात पाहिले होते. एक म्हातारी म्हणाली, ती माझ्या जावेची भाची. मी घामाघूम होऊन एका दारासमोर टेकले. आत यंत्रमाग चालू होता. एक बाई तो थांबवून बाहेर आली. तिचे नाव शेवंताबाई.

“कुणाला शोधूलाय?”

“मालन बस्तवाडकरांना.”

ती हसली. “तसली कोन न्हाय हितं. तीस वर्सं झाली मला हितं नांदून, समदी घरं ठावं हाईत.” मला पाणी देत ती म्हणाली, “पर तिनं लिवलेलं समदं आमचंच हाय. खड्डा ह्यो काय समोरच. माझा भाचा वाचून दाखिवतो, आमी चार बायका ऐकतो. ती कोन का असंना, तिला म्हणावं, मागाला दिवसभर करंट ऱ्हात न्हाय, त्याचं लिव. आन् बायकांच्या दवाखान्याचं लिव. थांबा, सांगते एकेक.” आणि तिने सांगितले. शेजारच्या दोघी आल्या, त्यांनीही सांगितले. आमंत्रणाच्या पाकिटाच्या मागे मी लिहून घेतले. पाकीट पुरले नाही.

ते पाकीट मी आण्णांना दिले. भाऊसाहेबांना आमंत्रण पोचल्याचे सांगितले, आणि एका अर्थी ते खरेच होते. आण्णांनी ते पाकीट चष्मा लावून वाचले, दोनदा. मग म्हणाले, “तिला मारून टाकतो.”

“कुणाला?”

“मालनला. निधन छापतो. सत्काराचा प्रश्न मिटला.”

ते खरोखरच लिहायला बसले. ‘खासबाग येथील रहिवासी व आमच्या वाचक सौ. मालन बस्तवाडकर यांचे अल्पशा आजाराने’, इथवर गेले. मग मला विचारले, “पश्चात काय लिवू? पोरं किती देऊ?” मी म्हणाले, दोन. ते म्हणाले, दोनच? बरी तीन असू देत. मुलगी एक असावी. मुलीचे लग्न झालेले असावे, नाहीतर ती बाई मरताना काळजी करेल. असे करत करत ते थांबले, टोपी काढली आणि डोळे पुसायला लागले. न जन्मलेल्या बाईसाठी माणूस रडतो हे मी पहिल्यांदा पाहिले. मला हसूही येत होते आणि हसवतही नव्हते. कागद फाडून ते म्हणाले, “हुईना माझ्या हातनं. आन् छापलं तर दुसरं खोटं. एकच बास झालं.”

वर्धापनदिनाला सभागृह भरले होते. शेवंताबाईसुद्धा चार बायकांना घेऊन आली होती, मालन कोण ते बघायला. भाऊसाहेबांनी कौतुकाचे भाषण केले आणि नाव पुकारले. टाळ्या झाल्या. कुणी उठले नाही. पुन्हा पुकारले. तेव्हा तिसऱ्या रांगेतून आण्णा उठले, धोतराचा सोगा धरून पायऱ्या चढले आणि माइकसमोर उभे राहिले.

“मीच मालन,” ते म्हणाले.

सगळे सभागृह हसले. आण्णा कधी नव्हे ते विनोद करताहेत, असे लोकांना वाटले. ते हसू ओसरेपर्यंत आण्णा थांबले.

“हसू नका. खरंच सांगतोय. हिंडलग्याचा शांतताप्रिय बी मीच. वाचक बोलंना, म्हणून मी बोललो. भाऊसाहेबांना ठावं न्हवतं. पेपरात आजवर माझ्या हातनं लई चुका सुटल्या, त्या नजरचुकीनं. ही एक जाणूनबुजून केली. मला माफी करा.”

हसू कुठच्या कुठे गेले. भाऊसाहेबांच्या हातात साडीचे ताट तसेच होते. प्रमुख पाहुण्यांनी मानपत्राकडे पाहिले, कारण आता ते कुणाला द्यायचे ते कुणालाच सुचत नव्हते. तेवढ्यात मागून शेवंताबाईचा आवाज आला, “आनी खड्ड्याचं काय?” लोक पुन्हा हसले, पण या वेळी वेगळे हसले. सभा कशीबशी संपली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आण्णांनी राजीनामा टेबलावर ठेवला. मी तिथेच होते. भाऊसाहेबांनी तो उचलून वाचला.

“आण्णा, तुम्हाला ठेवलं तर उद्या कुठल्या वार्ताहराला मी खोटं लिहू नको म्हणून सांगू?”

“बरोबर हाय. मी तुमच्या जागी असतो तर मीबी काढलंच असतं.”

“माझ्या वडिलांच्या वेळचे तुम्ही.” भाऊसाहेबांनी कागदाची घडी केली.

“त्यांनी तर कालच काढलं असतं. स्टेजवरनं.” आण्णा म्हणाले. “पर आदी दुरुस्ती छापायला पायजे. पयल्या पानावर. ती मी लिवतो, मग जातो.”

ती दुरुस्ती आमच्या पेपरातली सर्वांत जास्त वाचली गेलेली चौकट असावी. ‘गेले वर्षभर या दैनिकात सौ. मालन बस्तवाडकर, खासबाग या नावाने प्रसिद्ध झालेली पत्रे मी लिहिली. खासबागेत या नावाची बाई नाही. खड्डा मात्र आहे. वाचकांची फसवणूक केल्याबद्दल मी क्षमा मागतो. — आदगोंडा मगदूम, मुद्रितशोधक.’ एकही चूक नव्हती. दुपारी आण्णा डबा घेऊन निपाणीच्या बसने गेले. निरोप समारंभ त्यांनी करू दिला नाही.

त्यानंतर चारेक दिवस आम्हाला शिव्या आल्या. पेपर बंद केल्याचे काहींनी कळवले. आणि मग एक वहीचा फाडलेला कागद आला. ‘मी शेवंता. मी खरी हाये. घर समोर यवून बगा.’ पुढे मागाच्या करंटचे सगळे लिहिलेले. ओळीओळीला चूक होती. तो कागद तपासायला आता आण्णा नव्हते. मी लाल पेन हातात घेतले आणि बराच वेळ तसेच धरून बसले. शेवटी फक्त नीट वाचता यावे इतके सुधारले आणि छापले. दुसऱ्या आठवड्यात तिच्या शेजारणीचे आले. मग हिंडलग्याच्या एका खऱ्या बाईचे, जिने शांतताप्रिय नागरिकाला म्हणजे आण्णांना यथेच्छ सुनावले होते. आता पेपर कागदावर कमी आणि फोनवर जास्त वाचला जातो, बायका पत्राचा फोटो काढून पाठवतात किंवा नुसते बोलून पाठवतात. पण सदर चालू आहे, आणि ते माझ्याकडे आहे.

दोन वर्षांनी मी आण्णांना भेटायला त्यांच्या गावी गेले. घर उसाच्या शेताला लागून. आण्णा ओट्यावर बसून पेपर वाचत होते, आणि चुकांभोवती गोल करून ठेवत होते. मला बघितल्यावर त्यांनी पेपर बाजूला सारला, पण आधी मला तो दाखवून. मग चहा झाला, गप्पा झाल्या. निघताना मी विचारले, “आण्णा, एक सांगा. बाईच का? एखादा मास्तर, एखादा वकील करायचा. बाईचं बोलणं तुम्हाला इतकं कसं जमलं?”

“मला कुटं जमलं?” ते म्हणाले. “ती आमची आई. पद्मव्वा. असलीच बोलायची, पाण्यावरनं, वाटंवरनं, आमच्या आप्पांवरनं. समदं गाव ऐकाय थांबायचं. सगळं कन्नडात. मराठी तिला येत न्हवतं, लिवाय तर कुटलंच येत न्हवतं. मी नुसतं मराठी केलं. सरकारी पत्रकं करत हुतो तसं.”

ते उसाकडे बघत म्हणाले, “ती गेल्याचा सांगावा आला तवा मी छापखान्यात हुतो. गावाकडं निघायच्या आदी तिच्या निधनाच्या दोन ओळी जुळवल्या. तेवढ्यात सिनेमाची जाहिरात आली. थोरले मालक बाहेर गेलते. जागा करायची तर काय तर काढाय पायजे. पानावर काढण्याजोगं तेवढंच दिसलं. मीच काढलं, माझ्या हातानं. म्हटलं उद्या लावू. उद्या मी हितं गावात. परत गेलो तवा बातमी शिळी झालती. तिचं नाव पेपरात कदी आलं न्हाय.”

मागच्या वर्षी एका दुपारी निपाणीच्या आमच्या वार्ताहराचा फोन आला. आण्णा सकाळी गेले होते. निधनवार्ता मीच लिहिली. ती लहानच होती, पण तिसऱ्या ओळीत मी लिहिले: ‘पद्मव्वा आणि बाबगोंडा मगदूम यांचे ते पुत्र होत.’

पान लावणाऱ्या प्रतीकने पडद्यावरून मान वळवली. “मॅडम, दोन ओळी जास्त होतात. आईवडिलांची नावं काढली तर बरोबर बसेल. खाली फर्निचरवाल्यांची जाहिरात आहे.”

“जाहिरात उद्या घे,” मी म्हणाले.

“ते ओरडतील.”

“मी बोलते त्यांच्याशी.”

त्याने जाहिरात काढली. पद्मव्वांचे नाव सातव्या पानावर, डाव्या बाजूला, वरून तिसऱ्या ओळीत छापून आले.